उमेदवारी चुकवलेले तारे

फुटबॉलविषयी मराठीत लिहिताना एक छोटीशी अडचण नेहमी येते. खेळाडूचा उल्लेख आपण एकेरीत करतो आणि मॅनेजरचा आदरार्थी. 'झिदानने गोल केला' हे वाक्य कानाला खटकत नाही आणि 'आन्चेलोत्ती यांनी संघात दोन बदल केले' हेही खटकत नाही. पण कालपर्यंत गोल करणारा माणूस कोट घालून सीमारेषेपाशी उभा राहिला की लेखणी अडखळते. ही अडचण केवळ लिहिणाऱ्याची नाही. २०२० साली नामवंत माजी खेळाडू आंद्रेआ पिर्लो इटलीतल्या युव्हेंटस क्लबाचा मॅनेजर झाला, तेव्हा बुफॉन, किएलिनी आणि बोनुची हे त्याच क्लबात त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले तिघे संघात होते. ज्याच्या शेजारच्या कपाटात आपण बूट ठेवत होतो, तो आता आपल्याला बाहेर बसवणार, हे स्वीकारणे दोन्ही बाजूंना किती अवघड गेले असेल याची कल्पना करता येते. (या लेखात मी मात्र सर्वांचा उल्लेख एकेरीतच करणार आहे. त्यात अनादर नाही. ज्यांना खेळताना पाहिले त्यांच्याबद्दलची ती जुनी सवय आहे.)

नामवंत खेळाडू चांगला मॅनेजर होऊ शकत नाही, असे एक मत फुटबॉलच्या चर्चेत इतक्या वेळा ऐकू येते की ते जणू सिद्धच झाले आहे, असे वाटू लागते. पुराव्यादाखल नावेही तयार असतात. बॉबी चार्ल्टनने १९७३ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडची सूत्रे घेतली आणि पहिल्याच मोसमात तो संघ खालच्या श्रेणीत गेला. अ‍ॅलन शियररला २००९ मध्ये न्यूकॅसलला वाचवण्यासाठी शेवटचे आठ सामने मिळाले, त्यांतला एकच त्याला जिंकता आला आणि क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. थिएरी आन्री मोनॅकोमध्ये चार महिनेही टिकला नाही. पण या यादीसमोर क्रायफ, बेकेनबाउअर, ग्वार्दिओला, झिदान अशी तेवढीच भक्कम यादी ठेवता येते, आणि मग वाद तिथेच थांबतो. माझ्या मते या मतात मुळातच एक चूक आहे. तारा अपयशी ठरला की त्याची बातमी होते. दुसऱ्या श्रेणीत आयुष्य घालवलेला एखादा सामान्य खेळाडू मॅनेजर म्हणून अपयशी ठरला, तर त्याचे नाव आपल्या कानावरही येत नाही. मॅनेजर बॉबी रॉबसनचा दुभाषी म्हणून सुरुवात केलेला मौरिन्यो किंवा बुटांच्या धंद्यातून आलेला आरिगो साकी आपल्याला आठवतात, कारण ते जिंकले. जॉकी होण्यासाठी आधी घोडा असावे लागते हे आपल्याला ठाऊक नव्हते, हा साकीचा टोला तर अशा प्रत्येक चर्चेत कोणीतरी फेकतोच. टोला झकास आहे, यात शंका नाही. पण धावपट्टी कुठे घसरडी आहे हे घोड्यालाही थोडेफार कळत असते.

तेव्हा प्रश्न खेळाडू किती मोठा होता हा नसावा. निवृत्ती आणि पहिली मोठी नेमणूक या दोहोंच्या मधल्या वर्षांत त्याने काय केले, हे पाहायला हवे, अशा निष्कर्षाप्रत मी हळूहळू आलो आहे, आणि त्याला कारणीभूत झाली ती पिर्लोविषयीची माझी साफ चुकलेली अटकळ. त्याची नेमणूक झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मैदानाचा नकाशा ज्याच्या डोक्यात कोरलेला आहे, चेंडू येण्याआधीच तो कुठे जाणार हे ज्याला दिसते, त्याला संघ बांधायला काय अडचण येणार, असे मला वाटले. वस्तुस्थिती अशी होती की जुलै २०२० च्या अखेरीस त्याला क्लबच्या तेवीस वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमण्यात आले, आणि त्या संघाचा एकही सामना होण्यापूर्वी, दीडेक आठवड्यात, तेव्हाचा मॅनेजर सार्री याला काढून पिर्लोकडे मुख्य संघ सोपवण्यात आला. प्रशिक्षकाच्या सर्वोच्च परवान्यासाठीचा प्रबंध त्याने सप्टेंबरमध्ये, म्हणजे नोकरी मिळाल्यानंतर सादर केला. सलग नऊ वर्षे इटलीचे विजेतेपद जिंकलेला क्लब त्या मोसमात चौथ्या क्रमांकावर घसरला. इटालियन कप आणि सुपर कप मिळाले, हे मान्य करायला हवे. तरी मोसम संपताच पिर्लोला जावे लागले.

त्या मोसमातला एक क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मार्च २०२१, चॅम्पियन्स लीगची शेवटच्या सोळा संघांची फेरी, तुरिनमध्ये पोर्तोविरुद्धचा परतीचा सामना जादा वेळेत गेलेला. पोर्तोचे दहाच खेळाडू मैदानावर उरले आहेत. अशात सर्जिओ ओलिव्हेराला दुरून फ्री किक मिळते. तो चेंडू जमिनीलगत मारतो. भिंतीत उभा असलेला रोनाल्डो पाठ फिरवून उडी मारतो, चेंडू त्याच्या पायांखालून निघून जाळ्यात जातो, आणि त्या गोलामुळे युव्हेंटस स्पर्धेबाहेर. सीमारेषेवर जो उभा होता, तो त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम फ्री किक मारणाऱ्यांपैकी एक. भिंतीचे कच्चे दुवे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण स्वतः भिंत भेदता येणे आणि दुसऱ्यांना, विशेषतः रोनाल्डोसारख्याला, भिंतीत कसे उभे राहायचे हे शिकवणे, या दोन विद्या निराळ्या आहेत. दुसरी विद्या सरावाच्या मैदानावर, रोजच्या कंटाळवाण्या पुनरावृत्तीतून येते, आणि ती मिळवायला पिर्लोला वेळच दिला गेला नव्हता.

त्याच्याच जातकुळीचा, त्याच काळातला, मधल्या फळीत मागे राहून खेळाची लय ठरवणारा दुसरा खेळाडू म्हणजे शाबी अलोन्सो. विश्वचषक आणि दोन वेगवेगळ्या क्लबांकडून चॅम्पियन्स लीग जिंकून तो २०१७ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या नावावर कुठलाही मोठा क्लब त्याला मिळाला असता. त्याने रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालील मुलांना शिकवायला घेतले, आणि त्यानंतर तीन वर्षे रेआल सोसिएदादच्या राखीव संघात काढली. तो संघ त्याने २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत नेला आणि पुढच्याच वर्षी तो खालीही आला. ही घसरण मला महत्त्वाची वाटते, कारण ती फारशी कोणी पाहिली नाही. चुकायला आडोसा लागतो, आणि राखीव संघ तो देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेनने त्याला बोलावले तेव्हा क्लब तळातून दुसरा होता. २०२३-२४ मध्ये त्याच क्लबाने ३४ पैकी २८ सामने जिंकून, ६ बरोबरीत सोडवून, एकही न हरता आपले पहिले जर्मन विजेतेपद मिळवले आणि बायर्नची सलग अकरा वर्षांची मक्तेदारी मोडली.

तारांकित भूतकाळाचा काहीच उपयोग नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. तो कुठे होतो हे झिदानकडे पाहून कळते, आणि योगायोग असा की त्या गोष्टीतही रोनाल्डोच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये लास पाल्मासच्या मैदानावर रेआल माद्रिद २-१ ने पुढे असताना झिदानने रोनाल्डोला बाहेर काढले. रोनाल्डोचा चेहरा साऱ्या जगाने पाहिला, आणि वर सामना बरोबरीत सुटला. दुसरा मॅनेजर कदाचित इथेच कचरला असता. झिदान त्या मोसमात त्याला पुन्हा पुन्हा विश्रांती देत राहिला, परगावच्या लीग सामन्यांतून वगळत राहिला. परिणामी, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतच्या पाच सामन्यांत रोनाल्डोने दहा गोल केले: बायर्नविरुद्ध पाच, अ‍ॅटलेटिकोविरुद्ध तीन आणि कार्डिफमध्ये युव्हेंटसविरुद्ध दोन. 'तू बाहेर बस, त्यात तुझेच भले आहे' हे वाक्य रोनाल्डोने ऐकून घेण्यासाठी ते म्हणणारा माणूस झिदानच असावा लागतो. ज्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले आहेत, त्याच्यापुढे मोठेपणाचा टेंभा मिरवता येत नाही. हीच ती पुंजी. पण ती खर्च कशी करायची हे झिदान आन्चेलोत्तीच्या हाताखाली २०१३-१४ मध्ये सहायक म्हणून आणि नंतर राखीव संघाचा प्रशिक्षक म्हणून शिकला होता. राखीव संघ चालवण्यासाठी लागणारा परवाना त्याच्याकडे नाही, यावरून तेव्हा वादंगही झाला होता, हे आज कोणाला आठवत नाही.

परवान्यावरून क्रायफची गोष्ट आठवते. १९८५ मध्ये आयाक्सकडे तो आला तेव्हा त्याच्याकडे प्रशिक्षकाची पदविका नव्हती, म्हणून त्याला 'तांत्रिक संचालक' असे पद देण्यात आले आणि प्रत्यक्षात संघ तोच चालवू लागला. उमेदवारी करायची नाही आणि तरीही युग घडवायचे, हे एका क्रायफला जमले, असे कोणी म्हणेल. मला ते पूर्ण पटत नाही. बार्सेलोनाला १९८८ मध्ये येण्याआधी त्याने आयाक्समध्ये जवळपास तीन मोसम काढले होते, आणि बार्सेलोनातही पहिली दोन वर्षे लीग मिळाली नव्हती. १९९० मध्ये त्याची खुर्ची डळमळत होती. दुसऱ्या कोणाला इतकी सवड मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे. नावाचा हा दुसरा उपयोग: ते सबुरी विकत घेऊन देते. त्यानंतर सलग चार लीग आणि १९९२ मध्ये वेम्ब्लीवर कोमनच्या फ्री किकवर मिळालेला क्लबचा पहिला युरोपियन कप.

खेळण्याच्या जागेचा मुद्दाही पुष्कळदा मांडला जातो. ग्वार्दिओला, आन्चेलोत्ती, सिमिओने, देशाँ हे सगळे मधल्या फळीतले. चहूबाजूंना पाहण्याची सवय त्यांना खेळतानाच लागली, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण पिर्लोही मधल्या फळीतलाच होता आणि क्रायफ, डॅग्लिश आघाडीचे. त्यामुळे या मुद्द्यावर मी फार भार देणार नाही.

खेळ समजणे आणि तो समजावता येणे यांतले अंतर अधिक बोलके आहे. गॅरी नेव्हिल टेलिव्हिजनवर सामन्याची चिरफाड करू लागला की आजही मी हातातले काम बाजूला ठेवतो. तोच नेव्हिल डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा मॅनेजर म्हणून गेला, स्पॅनिश येत नसताना. पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही विजय नाही, बार्सेलोनाकडून कपमध्ये ७-० असा पराभव, आणि मार्चअखेर घरी. स्टुडिओत चित्र थांबवता येते, मागे नेता येते, आणि बचावपटूने इथे दोन पावले डावीकडे सरकायला हवे होते, हे बोट ठेवून दाखवता येते. सरावात ते दोन पावलांचे सरकणे वीस वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांच्या अंगी मुरवायचे असते, तेही त्यांच्या भाषेत. दुभाष्याच्या खुर्चीतून आलेल्या मौरिन्योची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माझ्या या उपपत्तीला अडचणीत आणणारे उदाहरणही आहे: स्टीव्हन जेरार्ड. त्याने रीतसर लिव्हरपूलच्या अठरा वर्षांखालील संघापासून सुरुवात केली. स्कॉटलंडच्या रेंजर्सला त्याने २०२०-२१ मध्ये एकही लीग सामना न हरता विजेतेपद मिळवून दिले. मग अ‍ॅस्टन व्हिलामध्ये वर्षही पुरे झाले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो गेला तेव्हा क्लब सतराव्या स्थानावर होता. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत बहुतेक कारकीर्द गेलेल्या उनाई एमरीने तोच संघ त्याच मोसमात सातवा आणला. मला यात मायकेल बील या सहायकाची अनुपस्थिती दिसते. रेंजर्समध्ये सरावाची आखणी मुख्यत्वे तो करत असे, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तो स्वतः मॅनेजर होण्यासाठी निघून गेला. म्हणजे उमेदवारीतही कोणते काम स्वतःच्या हातांनी केले आणि कोणते दुसऱ्यावर सोपवले, हे तपासावे लागते.

दोष एकट्या खेळाडूंचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम सिटी दुसऱ्या श्रेणीत सहावा होता. नव्या मालकांनी चांगले चाललेल्या मॅनेजरला काढून वेन रूनीला आणले. पंधरा सामन्यांत दोन विजय, क्लब विसाव्या स्थानी, आणि जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला रूनी बाहेर. मोसमाअखेर क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. रूनीच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या अल्प अनुभवावर त्याला ती नोकरी मिळाली नसती, आणि ती मिळाली नसती तर त्याचे भलेच झाले असते. मालकाला छायाचित्र हवे असते, आणि छायाचित्रापुरता तारा उपयोगी पडतो.

फ्रँक लॅम्पार्डच्या बाबतीत क्रम उलटा झाला. दुसऱ्या श्रेणीतल्या डर्बी क्लबातल्या एका मोसमाच्या शिदोरीवर त्याला २०१९ मध्ये चेल्सी मिळाले. खेळाडू विकत घेण्यावर बंदी असताना माउंट, रीस जेम्स यांसारख्या पोरांना घेऊन त्याने चौथा क्रमांक मिळवला, हे श्रेय त्याचेच. जानेवारी २०२१ मध्ये नववे स्थान आले, त्याला काढले गेले, आणि त्याच खेळाडूंना घेऊन त्याच्या जागी आलेल्या तुखेलने मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. मग एव्हर्टन. मग २०२३ मध्ये पुन्हा चेल्सी, हंगामी म्हणून: अकरा सामने, एक विजय. तेव्हा मला वाटले होते की आता हा कायमचा टेलिव्हिजनवर जाईल. दीड वर्षाने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तो दुसऱ्या श्रेणीत सतराव्या स्थानावर असलेल्या कॉव्हेन्ट्रीकडे गेला. मोसमाअखेर तो संघ पाचवा होता. वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत, जादा वेळेच्या अगदी अखेरच्या क्षणी संडरलंडने गोल केला आणि कॉव्हेन्ट्री हरले. पुढच्या मोसमाच्या तयारीला लॅम्पार्ड तिथेच हजर होता.