आमची वाटचाल: तीन खुर्च्यांची खोली

आम्ही दोघी होतो, एक भाड्याची खोली होती आणि दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी छोटी पाटी. प्रशिक्षण वगैरे देण्याचा विचार मनातही नव्हता. पण क्लायंटइतकेच 'मलाही हे काम करायचंय, काय शिकू?' असं विचारणारे यायला लागले. कुणी शिक्षिका, कुणी नोकरीला विटलेला, कुणी नुकतीच मोठ्या दुःखातून सावरलेली. तिसऱ्या वर्षी आम्ही पहिला वर्ग घेतला आणि तो सपशेल फसला.

चूक आमचीच. व्यक्तिकेंद्री, बोधात्मक वर्तन उपचार, मनोविश्लेषण, कुटुंबोपचार, अशा सगळ्या उपचारपद्धती बारा आठवड्यांत उरकल्या. शेवटच्या सरावात एकाने, क्लायंट झालेल्या आणि रडणाऱ्या सहविद्यार्थ्यापुढे, विचार रकान्यांत लिहून काढायची नोंदवही सरकवली, 'रकाने भरा' म्हणाला. आधी हसू आलं, मग लाज वाटली. तो आम्ही शिकवलं तेच करत होता.

त्यानंतर वर्षभर वर्ग बंद ठेवला आणि वाचत बसलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की, निरनिराळ्या पद्धतींचे परिणाम सारखेच दिसतात, कारण त्यांच्यात काही घटक समान असतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारनात्याची, म्हणजे उपचार करणारा आणि क्लायंट यांच्यातल्या नात्याची, फोड केली: कुठे पोहोचायचं याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. याचा अर्थ 'पद्धत कुठलीही घ्या' असा मात्र नाही. मंत्रचळाच्या त्रासात, म्हणजे नको ते विचार आणि तीच ती कृती पुन्हापुन्हा होत राहते तेव्हा, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचं आणि ठरलेली कृती रोखण्याचं खास तंत्र लागतं, तिथे नुसतं मायेनं ऐकून भागत नाही. म्हणून आता आमच्याकडे पहिले काही महिने फक्त ऐकणं, मग एकच पद्धत, तीही खोलवर. दुसरी नंतर, हवी असेल तर.

प्रवेशाची मुलाखतही बदलली. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांचं सूत्र साधं होतं: स्वतःला ओळखा, कामाची माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला. आम्ही तेच उमेदवारांवर वापरतो. 'कोणती पद्धत आवडते?' हे विचारणं सोडलं, कारण उत्तरं हल्ली वाचलेल्या एखाद्या पुस्तकातून येतात. त्याऐवजी विचारतो, तुमच्या कामाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा, समोर कोण बसलंय? एकटा माणूस, भांडणारं जोडपं, दहावीचा मुलगा, की व्यसन सोडू पाहणाऱ्यांचा गट? उत्तर आलं की निम्मी निवड आपोआप होते. ज्याला औषधं लिहायची आहेत त्याला वैद्यकशास्त्राकडे धाडतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांतला फरक अजूनही पुष्कळांना सांगावा लागतो. आणि मनाची जखम ताजी असेल, तर आधी स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसून या, असं सांगतो. यावर दोघी-तिघी रागावून गेल्या. त्यांतली एक जण दोन वर्षांनी परत आली.

असं लोकांना परत पाठवून धंदा कसा चालायचा? नाहीच चालला. सलग दोन बॅच अर्ध्या रिकाम्या गेल्या, भाडं थकलं. माझी भागीदार म्हणाली, "आपण प्रवेश देतोय की नकार विकतोय?" आमचं एवढं कडाक्याचं भांडण त्याआधी कधी झालं नव्हतं. नियम तसाच राहिला, पण संध्याकाळची सेशन वाढवून आम्ही खड्डा भरून काढला.

आमच्या वर्गाबद्दल लोक सर्वांत जास्त कुरकुर करतात ती ध्वनिमुद्रणाबद्दल. व्यक्तिकेंद्री पद्धतीचे जनक कार्ल रॉजर्स यांनी तबकड्यांवर मुद्रित केलेल्या एका संपूर्ण उपचाराचा शब्दशः मजकूर १९४२ साली छापला. म्हणजे आपलं काम बंद दाराआड झाकून ठेवायची सबब तेव्हाच संपली. आमचा शिकाऊ समुपदेशक क्लायंटची लेखी परवानगी घेऊन सेशन मुद्रित करतो आणि दर आठवड्याला सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबतच्या आढाव्यात, दहा मिनिटं ऐकवतो. आधी मोजायचं ते स्वतः किती बोललो.

गेल्या वर्षी माझी भागीदार, इतकी वर्षं बोधात्मक पद्धतीनं काम करून, कुटुंबोपचार शिकायला विद्यार्थिनी म्हणून बसली. पहिलं मुद्रण तिने मलाच ऐकवलं. चौथ्या मिनिटाला तिने ते थांबवलं आणि म्हणाली, "अगं, त्या आईला मी बोलूच देत नाहीये."