तुम्ही विचारलंत म्हणून: गांडुळं वाढवायची की नाही?

मातीबद्दल बोलत असले की हा प्रश्न आता हमखास येतो: "गांडुळांमुळे शेतातून हरितगृह वायू जास्त निघतात म्हणे. मग गांडुळं वाढवायची की नाही?" गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, त्यामुळे विचारणाऱ्याच्या आवाजात घालमेल असते. ती मला समजते. माझं उत्तर 'वाढवा' असंच आहे, पण वायूंची गोष्ट खोटी नाही.

२०१३ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या इन्ग्रिड लुबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. गांडुळं असलेल्या मातीतून, नसलेल्या मातीपेक्षा, नायट्रस ऑक्साइड हा नत्रापासून होणारा हरितगृह वायू सरासरी ४२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के जास्त निघत होता. मातीतला कार्बनचा साठा वाढल्याची चिन्हं मात्र दिसली नाहीत. काम चोख आहे, आकडेही चोख आहेत. वाचणारे मात्र 'नसलेल्या मातीपेक्षा' हे शब्द गाळून टाकतात. शेतात गांडुळं आधीपासूनच आहेत; जगाच्या हिशेबात नव्यानं ४२ टक्क्यांची भर पडलेली नाही. शिवाय यातले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या भांड्यांत, थोड्या दिवसांचे आणि पुष्कळदा त्यात रोपच नसलेले होते. मातीतलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, शोषून घ्यायला पिकाची मुळंच नसतील तर ते जिवाणूंच्या वाट्याला येणारच, आणि त्यातूनच नायट्रस ऑक्साइड होतो.

दोन वायूंची एकत्र मोजदादही मला पटत नाही. गांडूळ कार्बन नव्यानं तयार करत नाही. जो पालापाचोळा, जी धसकटं ते खातं, ती उशिरा का होईना कुजणारच होती, आणि त्यातला कार्बन पिकानं हवेतूनच घेतलेला होता. गांडूळ कुजण्याचा वेग वाढवतं. त्याच वेळी त्याच्या पोटात सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीचे कण एकजीव होतात, आणि विष्ठेच्या घट्ट कणांत थोडा कार्बन असा अडकतो की जिवाणूंना तो सहज मिळत नाही. सुरुवातीला जास्त दिसणारा कार्बन डायऑक्साइड पुढे काही प्रमाणात भरून निघू शकतो, असं म्हणणारे संशोधक आहेत.

नायट्रस ऑक्साइडचं तसं नाही. हवेत गेला की तो शंभरेक वर्षं टिकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तो तयार होतो ती जागा मला फार विलक्षण वाटते. गांडुळाच्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, ओलावा भरपूर असतो, सहज पचणारा कार्बन असतो. मातीबरोबर गिळले गेलेले, एरवी सुस्त पडलेले जिवाणू तिथे जागे होतात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागतात. ही क्रिया शेवटापर्यंत गेली तर निरुपद्रवी नायट्रोजन वायू उरतो. पण काही भाग अर्ध्या वाटेवरच, नायट्रस ऑक्साइड म्हणून, बाहेर पडतो.

म्हणजे मातीत मोकळं नायट्रेट किती आहे, यावर बरंच काही ठरतं. पिकाला पेलणार नाही इतका युरिया एकदम टाकून वर पाणी तुंबू दिलेल्या शेतात गांडूळ हा वायू तयार व्हायला मदत करतं. अशा शेतात त्याचा पिकाला फायदाही फारसा होत नाही. हे पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या यान विलेम फान ग्रोनिंगेन यांच्या गटानं दाखवलं: गांडुळांमुळे पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढतं, पिकाचे अवशेष शेतातच ठेवले तर आणखी, पण मातीत नत्र मुबलक असेल तर ही वाढ दिसेनाशी होते. गांडुळाचं मोठं काम अवशेषांत अडकलेलं नत्र मोकळं करण्याचं. ते बाहेरूनच ओतलं की या कामाला किंमत उरत नाही, वायू तेवढा उरतो.

मला या साऱ्यात सर्वात महत्त्वाची वाटते ती गांडूळ आणि खतातलं नत्र ही जोडी, आणि चर्चेत नेमकी तीच हरवते. वर्तमानपत्रातला मथळा गांडुळाकडे बोट दाखवतो, आणि खताची गोणी मोकळीच सुटते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा (आयपीसीसी) ढोबळ नियम असा की शेतात टाकलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो. शंभर किलो नत्रामागे हे सव्वाचारशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकं होतं.

तेव्हा वायू कमी करायचे असतील तर गांडुळांना हात लावू नका. नत्राचा हप्ता पिकाच्या भुकेप्रमाणे विभागून द्या, शेणखतातलं आणि मागच्या द्विदल पिकातलं नत्र हिशेबात धरा, शेतात पाणी साचू देऊ नका. धसकटं जाळू नका, आणि ती कुजवून देणारी गांडुळं शेतात असल्यामुळे गोणीतलं किती नत्र वाचतं ते आपल्या शेतात एका पट्ट्यात कमी मात्रा देऊन पाहा.