आव्हिला : आंतरिक किल्ल्याच्या शोधात

स्पेनची राजधानी माद्रिद येथील चामार्तिन स्थानकातून रेल्वेने साधारण दीड-दोन तासांत आव्हिलाला पोहोचता येते. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा मध्ययुगीन तट पाहण्यासाठी बहुतेक प्रवासी तेथे जातात. मी मात्र सोळाव्या शतकातील याच गावच्या धर्मभगिनी संत तेरेसा यांनी १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक किल्ला’ या ग्रंथासाठी गेले होते. त्यात आत्मा हा हिऱ्याचा किंवा निर्मळ स्फटिकाचा किल्ला कल्पिला आहे. त्याचे सात निवास, म्हणजे एकाच्या आत एक अशी दालने आहेत, मध्यभागी परमेश्वर वसतो आणि आत शिरण्याचे दार म्हणजे प्रार्थना.

तेरेसांच्या जन्मस्थळावरील चर्च तटाच्या आतच आहे. ते अवश्य पाहावे, पण अधिक वेळ तटाबाहेर उत्तरेला असलेल्या एन्कार्नासिओन मठासाठी ठेवावा. १५३५ साली तेरेसा येथे दाखल झाल्या. पुढे १५७२ ते १५७७ या काळात तेरेसांचे सहकारी, कवी व संत असलेले क्रुसाचे संत योहान येथील धर्मभगिनींचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. धर्मभगिनी आजही येथे राहत असल्याने पाहुण्यांना केवळ संग्रहालयाचा भाग व चर्च पाहता येते. दुपारी दरवाजे बंद असतात, म्हणून वेळा आधी पाहून सकाळीच जावे आणि आवाज हळू ठेवावा.

मला सर्वाधिक मोलाचा वाटला तो सान होसे मठ. तेरेसांनी २४ ऑगस्ट १५६२ रोजी तो स्थापला आणि ग्रंथाचे लेखनही तेथेच पूर्ण केले. मोजक्याच भगिनींनी एकत्र राहावे, परस्परांवर प्रेम, अनासक्ती व नम्रता या सद्गुणांवर प्रार्थनेची उभारणी करावी, हा त्यांचा आग्रह होता. पाचव्या निवासात त्या स्पष्ट सांगतात, की आजारी भगिनीला साहाय्य हवे असेल तर आपली भक्तीतली गोडी गमावण्याची भीती न बाळगता तिच्याकडे जावे. सातव्या निवासातही बायबलमधील मार्था (सेवा करणारी) आणि मरिया (ध्यानात बसणारी) या दोघी बहिणींनी एकत्र असावे, म्हणजे सेवा व ध्यान यांची फारकत होऊ नये, असे त्या लिहितात. दर्शने आणि समाधी यांच्याच शोधात हा ग्रंथ वाचणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हा भाग निसटतो, असे मला मनापासून वाटते.

निघण्यापूर्वी ग्रंथातील निदान पहिला, पाचवा व सातवा निवास यांवरचे भाग वाचावेत. गाव १,१०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने हिवाळ्यात भरपूर गरम कपडे न्यावेत. दगडी चढ-उतारासाठी पक्के बूट हवेत. आणखी एक दिवस हाताशी असल्यास साल्मान्कामार्गे आल्बा दे तोर्मेसला जावे. १५८२ साली तेरेसांचे निधन तेथे झाले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे.