डीएची टाकी कोपऱ्यात गेली त्याची गोष्ट

आमच्या शेडमध्ये गॅस कटिंग म्हणजे ऑक्सिजन आणि डीए, म्हणजे अ‍ॅसिटिलीन, दुसरं काही माहीतच नव्हतं. वडिलांच्या काळात तर कार्बाइडचा जनरेटर होता, खडे पाण्यात पडले की शेडभर लसणासारखा वास आणि संध्याकाळी तो पांढरा चुन्याचा गाळ कुठे नेऊन ओतायचा ही रोजची कटकट. मग डीएच्या टाक्या आल्या, आणि आता त्यांचं बिल बघून माझं डोकं दुखायला लागलं म्हणून मी एलपीजीवर जायचं ठरवलं. (सगळे त्याला प्रोपेन कटिंग म्हणतात, पण आपल्याकडच्या टाकीत ब्युटेनपण असतं. आणि १९ किलोची कमर्शियलच घ्या, घरातली लाल टाकी शेडवर आणू नका, तो गुन्हा आहे.)

पहिला दिवस पूर्ण वाया. जुन्याच नोझलवर लावलं, तर ज्योत नोझल सोडून पुढे उडायची आणि फट् करून विझायची. आमचे मिस्त्री वैतागून म्हणाले, "शेठ, या गॅसात दम नाही." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर दुकानदार हसायलाच लागला, म्हणाला पीएनएम नोझल लागतं याला. डीएचं नोझल एकच तुकडा असतो, याचे दोन भाग, आतल्या पितळी भागावर उभ्या खाचा आणि तो टोकाशी जरासा आत बसलेला. प्रोपेनची ज्योत हळू पेटते ना, तिला तेवढा आडोसा लागतो.

नोझल बदललं तरी मिस्त्रींचा हात जुनाच. डीएला सगळी खरी धग आतल्या छोट्या निळ्या टोकाशी असते म्हणून ते टोक प्लेटला जवळजवळ टेकवायची सवय, आणि प्रोपेनची बरीचशी धग बाहेरच्या ज्योतीत. कटर थोडा वर धरायचा आणि वाट बघायची. हे 'वाट बघायची' त्यांना आठवडाभर जमलं नाही, लाल व्हायच्या आधीच कटिंगचा ऑक्सिजन दाबायचे. ज्योतीचं तापमान कमी आहे हे खरंच, डीएची साधारण ३१०० डिग्री आणि याची २८००, पण लोखंड कापतो तो ऑक्सिजन, ज्योत नाही. प्लेट ९०० च्या आसपास तापली की लोखंडच ऑक्सिजनमध्ये जळायला लागतं, मग पुढे फारसा फरक कळत नाही. उलट खालची स्लॅग, म्हणजे कटच्या खाली चिकटलेला जळक्या लोखंडाचा मळ, आमच्याकडे तरी हातोडीच्या एका टोल्यात पडते.

आता पैशाचं. गॅस स्वस्त पडतो हे ऐकून उड्या मारू नका, कारण ज्योतीसाठी डीएला एक भाग गॅसला एक-सव्वा भाग ऑक्सिजन लागतो, याला चारच्या आसपास, त्यामुळे पहिल्या महिन्यात ऑक्सिजनच्या टाक्या धडाधड रिकाम्या झाल्या आणि मी परत डीएवर जायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं, जाड प्लेटचे लांब कट असतील तर परवडतं, पण पन्नास छोटे तुकडे आणि प्रत्येकाला मधेच होल पाडून सुरुवात असेल तर तापवण्यातच सगळं जातं. आम्ही आता होल आधी ड्रिलने मारतो.

एका गोष्टीत मात्र जीव हलका झाला. अ‍ॅसिटिलीनचं प्रेशर १५ पीएसआयच्या वर नेलं की ते स्वतःच भडकू शकतं, टाकीत ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं, जोरात ओढलं की अ‍ॅसिटोनच बाहेर येतं. एलपीजीला हे नखरे नाहीत. त्याचे वेगळे आहेत. ते हवेपेक्षा जड, गळलं तर खालच्या खड्ड्यात जाऊन बसतं आणि आमच्या शेडमध्ये मशीनचा पिट आहे, म्हणून संध्याकाळी टाकीचा वॉल्व्ह मी स्वतः बंद करतो. नळ्याही बदलल्या, डीएच्या जुन्या रबरी नळ्या याला चालत नाहीत. आणि डिसेंबरात नाशिकच्या थंडीत सकाळी जोरात ओढलं की टाकीला बाहेरून बर्फ धरतो, प्रेशर पडतं. हेल्पर पोरगा कागद पेटवून टाकीला शेकायला निघाला होता, त्याला असा झापला की दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता दोन टाक्या जोडून ठेवतो.

डीएची एक टाकी अजून आहे, पातळ पत्र्याच्या गॅस वेल्डिंगला. प्रोपेनवर पोलाद वेल्ड होत नाही, ते मी पण करून बघितलं, सांधा नुसता जाळीदार झाला.