ब्रिस्बेनचा उन्हाळा आणि केकवरचं बटरक्रीम

जानेवारी हा आमच्या ब्रिस्बेनमध्ये भर उन्हाळ्याचा महिना. पारा तिशीच्या आसपास, हवा दमट आणि शाळांना सुट्टी. वाढदिवस बहुतेक पार्कातच साजरे होतात आणि केक घरी करायची इथे जुनी हौस आहे. १९८० साली निघालेल्या एका पुस्तकातला आगगाडीचा केक पाहून वाढलेली मुलं आता आपल्या मुलांसाठी तीच आगगाडी करतात. इथल्या मराठी घरांनीही ही हौस आनंदानं उचलली आहे. त्यामुळे या दिवसांत वाढदिवसाच्या आदल्या रात्री मला फोन येतात, "ताई, क्रीम पातळ झालंय गं, अजून साखर घालू का?"

मी सांगते, साखरेला हात लावू नकोस. आधी भांडं फ्रिजमध्ये ठेव.

बटरक्रीम म्हणजे बटर आणि साखर फेटून केलेलं केकवरचं क्रीम. त्याची जवळजवळ सगळी दुखणी तापमानाची असतात. बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. साधारण १८ ते २० अंशांना हा स्निग्धांश मऊ असतो, पण घट्टपणा सोडत नाही, म्हणून फेटताना हवा धरून ठेवतो. पंचविशीच्या पुढे तो ढिला पडतो आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतो. अशा ढिल्या क्रीममध्ये वाटीभर साखर घातली तर ते घटकाभर दाट दिसतं, पण आतलं बटर गरमच राहतं. वर गोडी इतकी वाढते की मुलं क्रीम बाजूला काढून नुसता केक खातात.

इंग्लंड-अमेरिकेच्या रेसिपीत "बटर रात्रभर बाहेर ठेवा" असं असतं. ते त्यांच्या थंड स्वयंपाकघरांसाठी ठीक. आमच्याकडे जानेवारीत तुकडे करून वीसेक मिनिटं बाहेर ठेवलं की पुरे. बोटानं दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट तेलकट होता कामा नये. पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये करणाऱ्यांनीही हेच माप धरावं.

मापावरून आठवलं, ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, इतर देशांत १५चा. बाहेरच्या रेसिपीतले "दोन चमचे दूध" इथल्या चमच्यानं मोजलं की १० मिलिलिटर जास्त जातं, आणि एवढ्यानंही क्रीम सैल होतं. पाव किलो बटर आणि अर्धा किलो साखर घेतली तरी दूध मी थोडं थोडं, अंदाज घेतच घालते. साखरही बघून घ्यावी लागते. दुकानात 'प्युअर आयसिंग शुगर' आणि 'आयसिंग शुगर मिक्स्चर' अशा दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात. पहिलीत नुसती साखर असते आणि तिचं आयसिंग सुकल्यावर कडक होतं. दुसरीत थोडा स्टार्च असतो, तो ओलावा शोषतो आणि क्रीम मऊ राहतं. बटरक्रीमला दुसरी घ्यायची. घरी मिक्सरवर दळलेली पिठीसाखर वापरणार असाल तर बारीक चाळणीनं दोनदा चाळा, नाहीतर क्रीम जिभेला रवाळ लागतं.

कमी गोड हवं असेल आणि घरात अंडं चालत असेल, तर मला स्विस पद्धतच सर्वांत आवडते. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर वाफेवर ७१ अंशांपर्यंत ढवळत तापवायची, मग भांडं हाताला गार लागेपर्यंत फेटायची आणि बटरचे तुकडे एकेक करून घालायचे. भांड्याला तुपाचा अंश जरी असला तरी बलक फुलत नाही, म्हणून भांडं आधी लिंबानं पुसते. बटर घालता घालता एक क्षण असा येतो की सगळं फुटल्यासारखं, दाणेदार दिसतं. इथे बऱ्याच जणी घाबरून ते टाकून देतात. कृपा करून टाकू नका! बटर थंड पडलंय, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन डाव क्रीम काढून दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये वितळवा, परत ओता आणि फेटत राहा. उलट ताकासारखं पातळ झालं असेल तर भांडं पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. दोन्ही वेळा क्रीम जुळून येतं.

आंब्याचा स्वाद सगळ्यांनाच हवा असतो. इथे डिसेंबर-जानेवारीत बोवेनचा आंबा भरपूर येतो, पण त्याचा रस तसाच घातला की त्यातल्या पाण्यानं क्रीम फुटतं. रस मंद आचेवर आटवून घट्ट गोळा करा, पूर्ण गार करा आणि चमच्या-चमच्यानं घाला. डब्यातल्या हापूसच्या रसालाही हेच लागू.

पांढरं क्रीम हवं असेल तर इथे जरा खटपट आहे. गायी कुरणात चरतात, त्यामुळे बटर चांगलंच पिवळं असतं. आपल्याकडचं म्हशीचं लोणी मुळातच पांढरं, पण त्यात पाणी जास्त राहतं. साखर घालण्याआधी नुसतं बटर सात-आठ मिनिटं फेटलं की रंग बराच उतरतो. त्यात सुईच्या टोकाएवढा जांभळा जेल रंग घातला की उरलेला पिवळेपणाही मावळतो. गडद रंग आदल्या दिवशीच कालवून ठेवावेत, कारण ते काही तासांत आपोआप गडद होतात. लाल रंग ओतत राहिलं तर क्रीम कडवट होतं.

फुलं काढताना पायपिंग बॅग, म्हणजे क्रीमची नक्षी काढायची पिशवी, अर्धीच भरा, तळहाताच्या उबेनं क्रीम सैल होतं. दोन बॅगा आलटून-पालटून फ्रिजमध्ये ठेवल्या की पाकळ्यांच्या कडा नीट उठतात. केकवर आधी पातळ थर देऊन अर्धा तास गार करा. कोमट केकवर कसलंच क्रीम टिकत नाही.

पार्कात नेताना केक एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत, बंद खोक्यातच न्यायचा. गार केक दमट हवेत उघडला की त्यावर दव जमतं आणि रंग ओघळतात. खोकं मेणबत्त्या लावायच्या थोडं आधी, सावलीत उघडा. उरलेलं क्रीम हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये तीन महिने राहतं. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवायचं, सकाळी खोलीच्या तापमानाला आणायचं आणि पुन्हा फेटायचं.