व्हायोलिनची किंमत काढायला दिलं, आणि त्यांनी एक सूरसुद्धा वाजवला नाही

आजोबांच्या व्हायोलिनमध्ये डाव्या एफ होलमधून (पुढच्या फळीतल्या f आकाराच्या भोकातून) टॉर्च मारला की पिवळं पडलेलं लेबल दिसतं, "अंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस" आणि पुढे 17 वर दोन पुसट आकडे. म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचा स्त्रादिवारी, व्हायोलिन बनवणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव. या कागदावर आमच्या तीन पिढ्या स्वप्नं बघत आल्यात. विमा काढायचा होता, बाकी फॉर्म पाच मिनिटांत झाला, फक्त किंमत भरायला तज्ज्ञाचं पत्र लागतं म्हणाले. तिथेच अडकलो.

तज्ज्ञांनी आधी फोटो मागितले. पाठवले. मग स्क्रोल (मानेच्या टोकाची गुंडाळी) दोन्ही बाजूंनी पाठवा, मग फ्लॅशमुळे व्हार्निशचा रंग कळत नाही, परत काढा. (फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढा, माझे दोन आठवडे यातच गेले.) मग वाद्यच आणून द्या म्हणाले आणि सहा आठवडे ठेवून घेतलं. फोन केला की "बघतोय", परत केला की "साहेब बाहेर आहेत". शेवटी जाऊन समोरच बसलो तर वीस मिनिटांत काम झालं! छोटा आरसा आत घालून बघितलं, भिंगातून कडेची पर्फलिंगची, म्हणजे बारीक लाकडी पट्टीची, रेघ खरी बसवलीये की नुसती रंगवलीये ते तपासलं, मागची फळी उजेडात तिरकी धरली आणि संपलं. मी म्हटलं, वाजवून नाही बघणार? तर म्हणे, आवाजावर किंमत ठरत नाही.

इतका भडकलो ना! पण घरी येऊन वाचत बसलो तर माणूस बरोबर होता. तारांखालची घोडी, तारा, साऊंडपोस्ट (आत दोन फळ्यांमध्ये उभी असलेली छोटी काडी) बदला, आवाज बदलतो. किंमत ठरते ती कोणी बनवलं, मूळचं किती शिल्लक आहे आणि मागच्या फळीला साऊंडपोस्टच्या जागी चीर आहे का यावर. स्त्रादिवारीचं 1721 चं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन 2011 मध्ये 1 कोटी 59 लाख डॉलरला गेलं, आणि ते एवढं जपलेलं राहिलं कारण फारसं वाजवलंच गेलं नव्हतं, आता बोला. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एका प्रयोगात 21 वादकांना काळे गॉगल लावून तीन जुनी, तीन नवी व्हायोलिनं दिली होती, सगळ्यात आवडलं ते नवं आणि सगळ्यात कमी आवडलं ते एक स्ट्रॅड, म्हणजे स्त्रादिवारीचंच.

आमचं निघालं 1900 च्या आसपासचं जर्मन कारखान्यातलं. असली लेबलं हजारोंनी चिकटवलेली असतात. लेबलवर खाली 'जर्मनी' छापलेलं असेल तर टॉर्च तिथेच बंद करा, असं देशाचं नाव छापणं खूप नंतरचं, स्त्रादिवारी 1737 लाच गेला.

हां, एक राहिलं, पत्र विम्यासाठी हवंय की विकायला हे आधीच सांगा, दोन्ही आकडे वेगळे येतात. आणि जो स्वतः विकत घ्यायला टपलाय त्याच्याकडून किंमत काढू नका. फी ठरावीक रकमेत ठरवा, टक्क्यात नको.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका कारागिराकडून घोडी नवी करून घेतली, त्याने साऊंडपोस्ट जेमतेम मिलिमीटरभर सरकवला आणि सगळ्यात खालच्या सुराची 'जी' (G) तार अशी काही घुमली की मी दुकानातच अर्धा तास वाजवत बसलो. विम्याचा फॉर्म मात्र काल परत आलाय, 'बनवणाऱ्याचं नाव' हा रकाना रिकामा चालत नाही म्हणे.