घटस्फोटाच्या अटींमध्ये मुलाचा हिशेब वेगळा

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले की नातेवाईक बहुधा एकच सल्ला देतात : एकरकमी काय ते घे आणि मोकळी हो. माझ्या मावसबहिणीला हा सल्ला घोडबंदर रोडपासून डोंबिवलीपर्यंतच्या प्रत्येक घरातून मिळाला. तिच्यासोबत ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाता-येता आणि तिच्या वकीलबाईंना प्रश्न विचारून मला जे समजले ते येथे लिहिते आहे, कारण या सल्ल्यात एक गोष्ट हमखास गाळली जाते. पत्नीची पोटगी आणि मुलाच्या पालनपोषणाचा खर्च या कायद्याने दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि आईने स्वतःचा हक्क सोडला म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही.

प्रक्रियेविषयी थोडक्यात. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 13-ब नुसार अर्जापूर्वी किमान एक वर्ष पतिपत्नी वेगळे राहिलेले असावे लागतात, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले.

खरी घासाघीस होते ती अटींचा मसुदा करताना, म्हणजे वकील ज्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात तो कागद तयार होताना. ‘मूल तू ठेव, मी भेटायला येणार नाही आणि तूही पैसे मागू नकोस’ अशी देवाणघेवाण तेथे सर्रास सुचवली जाते, आणि थकलेल्या माणसाला ती सोयीची वाटते. परंतु हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 20 ने अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही टाकली आहे, त्यामुळे दोघांनी आपसांत सही करून ती पुसून टाकता येत नाही. विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली तर ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयीचे आदेश घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही मागता आणि बदलून घेता येतात. भेट आणि पैसा यांची सांगड घालणेही तितकेच चुकीचे आहे : पैसे थकले म्हणून भेट रोखता येत नाही आणि भेट नाकारली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत.

रक्कम किती, याचे कोष्टक आपल्या कायद्यात नाही. ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो 2017 च्या एका निकालात पत्नीच्या पोटगीसंदर्भात आलेला आहे आणि मुलाच्या खर्चाचा नियम म्हणून तो वापरणे मला पटत नाही. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालाने सांगितले. म्हणून शाळेची फी, व्हॅन, क्लास, मेडिक्लेम अशा खर्चाच्या पावत्या आधीपासून जपून ठेवाव्यात; तोंडी अंदाज कोणी मानत नाही.

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 चे कलम 6 सांगते. मात्र ‘सामान्यतः’ हा शब्द तेथे मुद्दाम आहे, आणि त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वोच्च मानते. ताबा आईकडे गेला तरी वडिलांचे पालकत्व संपत नाही. भेटीच्या अटी लिहिताना तर कंजूषी करूच नये. ‘वाजवी भेट’ एवढेच लिहिले की पुढे भांडणाला कुरण मिळते. कोणते शनिवार-रविवार, मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, मुलाला आणायचे-सोडायचे कोणी, व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळे कागदावर हवे.

नवी मुंबईकरांसाठी एक बारकावा : पालक व पाल्य अधिनियम, 1890 खालील ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो, आणि नेरूळ ठाणे जिल्ह्यात असले तरी खारघर रायगड जिल्ह्यात आहे. माहेरी राहायला जाताना हे लक्षात घ्यावे.

निर्वाहाची आणखी एक वाट सर्व धर्मीयांना खुली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. या कलमाखालील आदेशाची रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. थकबाकीदाराला कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही.